सात पेरांचं पाणी

एका वाहत्या नाल्याचं पाणी मी अकरा दिवसांच्या खणकामानं बंद पाडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कल्पना माझी, नकाशा माझा, आणि काम पुरं झालं त्या दिवशी कचेरीत पेढेही मीच वाटले.

तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झाला नव्हता. सगळा कारभार धुळ्याचा. मी शहाद्याला ओव्हरसियर म्हणून नवा होतो. वय तेवीस, वजन सव्वादोन मण, आणि पाण्याबद्दल जे कळायचं ते सगळं आपल्याला कळलेलं आहे अशी खात्री. पाणी दिसलं की त्याला उतार काढून द्यायचा आणि पळवायचं, एवढंच मी शिकलो होतो. उखाबा पाटकऱ्याबद्दल लिहायचं तर ही माझी चूक आधी सांगावीच लागते, कारण पुढची चार वर्षं तो माणूस तिच्यातच राहायला होता.

ब्राह्मणपुरीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात. गावाच्या वरच्या अंगाला बशीसारखा खोलगट भाग होता. डोंगरातून झिरपलेलं पाणी तिथं येऊन थांबायचं. वर लव्हाळा आणि पाणकणसं माजलेली, आणि खाली काळा थर. कितीतरी पिढ्यांचं गवत पाण्याखाली दबून, धड कुजलं नाही, धड राहिलं नाही, असं काहीतरी. पाय टाकला की जमीन दोन हातांवरून हलायची. या जागेला म्हैसबुडी म्हणत. तिच्या खालच्या ओठातून एक नाला बारा महिने वाहायचा, आणि त्या नाल्यावर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटावर गावाची सगळी शेती. शेत ज्याचं त्याचं, पाणी सगळ्यांचं. कुणाच्या वावरात कधी आणि किती सोडायचं हे एकटा पाटकरी ठरवणार. पाटकरी म्हणजे उखाबा.

पन्नाशीच्या आसपासचा, काटक, बाभळीच्या खोडासारखा माणूस. खांद्यावर पावडी, म्हणजे लांब दांड्याचं फावडं. ती तो लहान पोराला घ्यावं तशी घ्यायचा, पातं मानेकडे वळवून. पाटाच्या कडेला त्यानं कधी चपला घातल्या नाहीत. पाणी किती चाललंय हे पाहायला मी माझी पट्टी काढायचो. उखाबा पाटात उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. "नडगीले शे," म्हणायचा, किंवा "घोटाले ऊनं," म्हणजे घोट्याला आलं. मी पट्टीवरचा आकडा लिहायचो. दोन्ही जुळायचे, आणि याचा मला राग यायचा.

त्याच्या न्यायनिवाड्याची एक गोष्ट गावात सगळे सांगत. दोन भाऊ पाळीवरून भांडत होते. एक म्हणे पाणी माझं, दुसरा म्हणे माझं. हातघाईवर आले. उखाबानं दोघांना एक शब्द विचारला नाही. तो पाटात जाऊन मांडी घालून बसला. अंगाच्या दोन्ही बाजूंना चिखल लिंपून घेतला आणि बिडी पेटवली. पाणी ना याला, ना त्याला. बिडी संपली तेव्हा त्यानं विचारलं, "सरनं का भांडन? नही सरनं ते दुसरी पेटाडस." तिसऱ्या बिडीला भाऊ घरी गेले.

असल्या माणसाला मी फसवलं. फसवलं म्हणतो, पण मला ते तेव्हा खरं वाटत होतं, हे जास्त वाईट.

झालं असं की त्या सुमारास शहाद्याच्या बाजूला कारखान्याच्या चाळी बांधायच्या चालल्या होत्या आणि विटा कितीही पाडल्या तरी पुरत नव्हत्या. एका भट्टीवाल्या ठेकेदाराला शोध लागला, की म्हैसबुडीतला काळा थर कापून वाळवला तर तो जळतो. लाकडापेक्षा मंद, पण जळतो. मी त्यावर सरकारी कळस चढवला. म्हैसबुडीच्या मधोमध पुरुषभर खोल चर खणायचा, पाणी काढून द्यायचं, काळा थर भट्टीला जाईल आणि खालची जमीन लागवडीला येईल. शिवाय कोंडलेलं पाणी सुटलं म्हणजे नाल्याला दुप्पट पाणी. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की मी ते दोनदा सुवाच्य करून लिहिलं.

गावाची संमती हवी होती. पाण्याच्या बाबतीत गाव म्हणजे पाटकरी, म्हणून मी कागद घेऊन उखाबाकडे गेलो. तो मला म्हैसबुडीच्या काठावर घेऊन गेला. त्याच्याजवळ एक वेळूची काठी असायची. ती त्यानं लव्हाळ्यात उभी धरली आणि दाबली. सहज, लोण्यात सुरी जावी तशी ती गेली. बाहेर काढून त्यानं ओल्या भागावरची पेरं मोजली. सात. मग टोक नाकाशी धरून वास घेतला.

"मन्हा आजाना येळले बी सात," तो म्हणाला. "अठे आम्हनी एक म्हैस बुडेल शे. दोन्ही टाइम दूध दे अशी म्हैस. आठ मानसं लागनात तिले काढाले."

"म्हणजे धोक्याचीच जागा," मी म्हणालो. "आपण ती कोरडी करू."

त्यानं काठी लव्हाळ्याला पुसली. "पानी वाढी का, साहेब?"

"दुप्पट होईल. लिहून देतो."

"लिखाले माले कोठे येस," तो म्हणाला. "तुम्ही शिकेल मानूस. ल्या मंग अंगठा."

चर खणला गेला. पहिले आठ दिवस नाल्याला खरंच दुप्पट पाणी आलं, चहासारखं तांबूस. लोक पाहायला आले, मी पेढे वाटले. फाल्गुनात नाला गुडघ्याचा घोट्याला आला. त्यानंतर उखाबा पाटात उभा राहायचा आणि काही बोलायचाच नाही. चैत्र उजाडला तेव्हा पाट कोरडा होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि म्हैसबुडीतून भट्टीच्या बैलगाड्या खडखडत चालल्या होत्या. जिथं म्हैस बुडाली होती तिथून गाड्या.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सालदारांची सालं ठरतात. पाटकऱ्याची पावडीही त्याच दिवशी गावासमोर त्याच्या हातात पुन्हा दिली जाते. त्या आखाजीला पंच मारुतीच्या पारावर बसले. मगन पाटील त्यांचे म्होरके, गुजर शेतकरी, केळीचं मोठं बागाईत. मीही गेलो होतो. न जाणं बरं दिसलं नसतं. मगन पाटलांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उखाबाला म्हणाले, "अंगठा कोन्हा शे?"

"मन्हा."

"मंग पावडी ठेव."

उखाबानं पावडी पारावर ठेवली. पाटील म्हणाले, "पानी पाटना तोंडले लागी, त्या आखाजीले उचलजो. तवलोंग नही." आणि ती पावडी मारुतीच्या देवळात तुळईला अडकवली गेली.

मी तोंड उघडलं होतं. चूक माझी आहे, त्याची नाही, असं सांगायचं होतं. पण तसं सांगायचं तर ते लिहून द्यावं लागलं असतं, आणि वरच्या साहेबांनी माझ्या चराबद्दल नुकताच शाबासकीचा शेरा मारला होता. मी तोंड मिटलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं अडकलो. तो पावडीशिवाय गावात, मी शाबासकीसह कचेरीत. मी बदलीचा अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण चांगलं काम करणाऱ्या माणसाला तिथून हलवणं योग्य नव्हतं.

उखाबाला मी विचारलं, तुम्ही गाव का सोडत नाही? त्याचा मेहुणा प्रकाशा गावी होता, तिथं तापीच्या काठी काम मिळालं असतं. तो म्हणाला, "मी गऊ ते पानी ऊनं म्हनीन कोनले सांगी?" तो गेला तर पाणी आलंय हे पाणी सांगणार कुणाला, असं त्याचं म्हणणं.

पावडी गेली तरी तो रोज म्हैसबुडीवर जायचा. मी रविवारी जायला लागलो. त्याच्या अंगणात एक मडकं होतं. त्यात पाणी, आणि पाण्यावर काळ्या मातीची एक वाळलेली वडी तरंगत होती. पाणी तिच्यात शिरेना. वर ओतलं तर अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळून जायचं.

"हाई रुसेल शे," उखाबा म्हणाला. "एकदाव सुकाडी टाकी ना, मंग पानी नको म्हनस."

"किती दिवस नको म्हणेल?"

"दखू."

हे "दखू", म्हणजे बघू, त्याचं सगळ्याला उत्तर होतं. पाऊस पडेल का, दखू. पंच मानतील का, दखू. त्याची बायको रुखमाबाई कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे ठेवायची आणि म्हणायची, "मडकामा दखी ऱ्हायना दिवसभर. मन्हाकडे कधी इतलं दखं नही."

त्या उन्हाळ्यात म्हैसबुडी पेटली. भट्टीवाल्यांच्या माणसांनी चिलमीचा निखारा टाकला की काय कोण जाणे, जमीन आतून जळायला लागली. ज्वाळा नाही, भेगांमधून निळसर धूर आणि ओल्या गवऱ्यांचा वास. मी माणसं गोळा करून बादल्यांची रांग लावली. तीन तास आम्ही पाणी ओतलं आणि ते पाणी वाळलेल्या मातीवरून ओघळून चरात गेलं. मी पुढारीपणा करत धुराच्या मधोमध उभा होतो. उखाबा आला, माझ्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हना बूट जळी ऱ्हायना." बुटाचा तळ खरंच सुटला होता. त्यानं बादल्या ठेवायला लावल्या, धुराच्या भोवती लांबून गोल आखला आणि त्या रेषेवर खालच्या पांढऱ्या मातीपर्यंत चर खणून आगीला एकटं पाडलं. सहा दिवस लागले. आतलं जळून गेलं. एक मोठा खड्डा राहिला. भट्टीवाल्यानं तो पाहिला, आता इथं कापण्यासारखं फार उरलं नाही असं म्हणाला, आणि गाड्या दुसरीकडे वळवल्या.

आता मला प्रायश्चित्ताची घाई झाली. चर बुजवायचा अधिकार मला नव्हता. तो सरकारी चर होता आणि कागदावर उत्तम चालला होता. म्हणून मी गुपचूप एक गोष्ट केली. चराच्या तोंडाशी, अगदी खाली, एक छातीभर उंचीचा मातीचा बांध घातला. चार मजूर, तीन रविवार. उखाबा काठावर उकिडवा बसून बघत होता.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"उच्चा शे," तो म्हणाला.

मला ती स्तुती वाटली. आषाढात एका सकाळी पाऊस लागला, चरात वरपासून पाणी धावत आलं, बांधाला टेकलं, चढलं, आणि दुपारी जेवणाच्या सुमारास बांध उठला आणि निघून गेला. जाताना चराचे दोन्ही काठ घेऊन गेला. मगन पाटलांच्या केळीत गुडघाभर काळा गाळ बसला. गावानं याचाही जाब विचारला, आणि विचारला उखाबाला.

मी तोंड लपवून बसलो होतो. तोच माझ्या खोलीवर आला, शहाद्याला, एसटी स्टँडामागच्या पत्र्याच्या खोलीत. एवढ्या लांब तो पायी आला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुम्ही पानीले कोंडं. मंग त्यानी लाथ मारी. पानीले कोंडानं नही. बसाडानं."

"बसवायचं म्हणजे?"

तो जमिनीवर बसला, मांडी घालून, बिडी पेटवली. मला पाटातला न्यायनिवाडा आठवला.

त्याची रीत अशी होती. खालून नाही, वरून सुरुवात करायची. जिथं डोंगराचं पाणी चरात पहिल्यांदा उतरतं तिथून. लव्हाळ्याच्या आणि निर्गुडीच्या फोकांच्या पेंढ्या बांधायच्या, चरात आडव्या ठेवायच्या, वर चिखल, वर लव्हाळ्याची मुळासकट ढेपळं. उंची गुडघ्याच्या खाली. पाणी वरून आणि अंगातून गेलं तरी चालेल, फक्त दमायला हवं. पहिल्यामागे पाणी बसलं, की त्याच्या खाली दुसरा, असा की दुसऱ्याचं पाणी पहिल्याच्या पायाशी टेकेल. मग तिसरा. चराची शिडी करायची आणि पाण्याला पायरीपायरीवर बसायला लावायचं. मी विचारलं, किती लागतील. तो म्हणाला, "दखू." शेवटी मी मोजले: त्रेसष्ट.

तो आणि रुखमाबाई रोज, मी रविवारी. माझ्याकडे काम होतं पेंढ्या वाहून आणण्याचं. बांधायला मला दिलं नाही. एकदा मी बांधलेली पेंढी त्यानं उचलली, ती मधूनच सुटली, आणि तेव्हापासून रुखमाबाई माझ्या हातात सुतळी येऊ देत नसे. येणारेजाणारे थांबून बघत. "उखाबा, पोरंसना खेळ मांडा का?" म्हणत. तो मान वर करत नसे. गावात त्याच्याशी पाण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. पाळी नवा पाटकरी लावत होता, मगन पाटलांचा पुतण्या. कोरड्या पाटाचा पाटकरी. पावसाळ्यापुरतं पाणी असायचं, तेवढ्यात भांडणं मात्र बारा महिन्यांची व्हायची. एकदा दोघंजण भांडता भांडता सवयीनं उखाबाच्या दारात आले. त्यानं त्यांना मडक्यातली वडी दाखवली आणि परत पाठवलं.

ती वडी आखाजीपासून तरंगत होती. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी मी अंगणात शिरलो, तर मडक्यात नुसतं पाणी दिसलं. वाकून पाहिलं. तळाशी बसली होती.

"बठनी," उखाबा म्हणाला. तेवढंच. पण त्या दिवशी त्यानं मला बिडी देऊ केली, आणि मी ओढत नसूनही घेतली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर लव्हाळा काठाकाठानं आत सरकला. तिसऱ्यानंतर पाणकणसं आली आणि बेडकांचा असा गलका की बोलणं ऐकू येईना. उखाबा काठी दाबायचा, काढायचा, वास घ्यायचा. सुरुवातीला वास जळका होता. तो तोंड वाकडं करायचा. काठी एकच पेर जायची. मग दोन. तिसऱ्या वर्षी माघात नाल्याला पाण्याची एक दोरी आली, पाटाच्या तोंडापासून हातभर अलीकडे पोचली आणि चैत्रात सुकली. त्या आखाजीला आम्ही दोघं पाटाच्या तोंडाशी उभे होतो. हातभर. पंच आले, पाहिलं, मगन पाटील म्हणाले, "तोंडले नही लागनं." उखाबा म्हणाला, "नही लागनं." पावडी तुळईलाच राहिली. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. तो म्हणाला, "आते नही, साहेब."

आणि चौथ्या वर्षी, आखाजीला महिनाभर असताना, वरचे साहेब आले.

त्यांना माझी कोरडी केलेली जमीन बघायची होती. दुसऱ्या एका भट्टीवाल्यानं अर्ज केला होता. म्हैसबुडीचा उरलेला भाग, खालच्या मातीसकट, खणायला हवा होता. जागा कोरडी असेल तर परवानगी द्यायची, एवढाच प्रश्न. माझ्या फायलीत चार वर्षं लिहिलेलं होतं, की कोरडी आहे. ती ओली निघाली तर मी खोटा. कोरडी निघाली तर उखाबाचे त्रेसष्ट बांध आणि गावाचा नाला एका हिवाळ्यात भट्टीत जाणार. वाटेत जीपमध्ये मी ठरवलं, की साहेबांना काठावरूनच दाखवायचं, चहा पाजायचा आणि परत न्यायचं. खरं काय ते बोलायचं नाही. याला तेव्हा मी धोरण म्हणत होतो.

साहेब काठावर उभे राहिले. छत्री, चकचकीत बूट. समोर वर वर सुकल्यासारखं दिसणारं पिवळं लव्हाळं, चैत्राचं ऊन. "कोरडी दिसते आहे," ते म्हणाले. "भार सोसेल का? गाड्या जातील?"

आता बघा, मी गप्प राहायला हवं होतं. पण चार वर्षं शाबासकी खाल्लेली जीभ. "सोसेल की," मी म्हणालो. "माझाच भार बघा ना," आणि थट्टेनं दोन पावलं आत टाकली. तिसऱ्या पावलाला खाली काही नव्हतं.

आवाज झाला तो आधी बुटाचा. मग मी गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत, आणि पाय काढायला जोर केला तसा कमरेपर्यंत. गार काळा लगदा दोन्ही बाजूंनी असा आवळून बसला, जसा कुणी ओळखीचा बऱ्याच वर्षांनी भेटतो आणि सोडत नाही. वर जाता येईना, खाली जायची भीती, आणि समोर माझा साहेब छत्री धरून माझ्याकडे आणि फायलीकडे आळीपाळीनं पाहतोय.

"हे कोरडं क्षेत्र?" साहेब म्हणाले.

मी हाक मारली. उखाबा वरच्या बांधांवर होता. आला. धावत नाही, चालत. काठावर आडवा पडून सरपटत माझ्यापर्यंत पोचला. मला वाटलं, हात देईल. त्यानं माझ्या काखेजवळ काठी उभी धरली आणि दाबली. काढली. पेरं मोजली, दोनदा. चार. टोकाचा वास घेतला, डोळे मिटून. मग माझा चेहरा जवळून न्याहाळला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. समोरचा एक दात नव्हता हेही तेव्हाच कळलं.

"हालू नका," तो म्हणाला. "जितलं हालशात तितलं जाशात. मी ऊनू."

"कुठे चाललात? आधी मला काढा."

"पंचसले दखाडनं पडी."

आणि तो गेला. मला तिथंच ठेवून गावात गेला. जाताना त्याचा आवाज ऐकू येत होता, शांत, घरोघर निरोप द्यावा तसा: "चला. साहेब कंबरपावत गया. पानी बठनं."

किती वेळ मी त्या अवस्थेत होतो ते नक्की सांगता येत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं होतं, पण पुढे कधी विचारायची हिंमत झाली नाही. एक बेडूक माझ्या समोरच्या लव्हाळ्यावर येऊन बसला. मी हललो की कमरेभोवती गार पाणी चढायचं, स्वच्छ. तांबूस नाही, जळका वास नाही. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाणी असं माझ्या विजारीत येऊन भेटलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण सुटका आणि आनंद यांत मी सुटका आधी घेतली असती.

गाव आलं. बायका, म्हातारे, मगन पाटील. कुणाला घाई नव्हती. पाटलांनी वाकून पाण्यात हात घातला, ओंजळ भरली, चाखली. मग माझ्याकडे पाहिलं. पारावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "साहेब, इकडे कितलं उंडं शे?"

"अजून पाय टेकले नाहीत," मी म्हणालो.

"बेस," पाटील म्हणाले.

मग दाराची फळी आली, लव्हाळ्याच्या पेंढ्या आल्या, आणि सहा माणसांनी मला ओढून काढलं. एक बूट अजून तिथंच आहे.

 साहेबांनी जीपमध्ये मला मागे, गोणपाटावर बसवलं. भट्टीच्या अर्जावर शेरा मारला, "जागा खोदकामास अयोग्य, खात्री केली." माझ्या नोकरीच्या पुस्तकात दुसरा शेरा मारला, तो इथं देत नाही. त्या आखाजीला नाला पाटाच्या तोंडाला लागला, मनगटाएवढा. पंचांनी देवळातली पावडी काढली. तिच्या पात्यावर गंज चढला होता. उखाबानं ती घेतली, पातं मानेकडे वळवलं, पाटात उतरला आणि डोळे मिटले.

"घोटाले ऊनं," तो म्हणाला.

पावसाळ्यापूर्वी माझी बदली झाली. अर्ज न करता.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी प्रकाशाला देवदर्शनाला घरच्यांना घेऊन गेलो होतो, त्यांना तिथं बसवून मी वर म्हैसबुडीला जाऊन आलो. चराची ओळख पटेना. त्रेसष्ट बांध लव्हाळ्याच्या पोटात गेले होते. उखाबा काठावर बसलेला होता, आता बराच वाकलेला. पावडी त्याच्या घरजावयाकडे गेली होती, काठी मात्र त्याच्याजवळ होती. मला पाहून तो उठला नाही. काठी दाबून दाखवली. साडेचार.

"चार वर्षांत तीन वाढली, आणि एवढ्या वर्षांत अर्धंच?" मी विचारलं.

"ती ते सुकेल माती फुगनी," तो म्हणाला. "आते नवी बनी ऱ्हायनी. तिले टाइम लागस."

"उरलेली अडीच कधी भरतील?"

यावेळी तो "दखू" म्हणाला नाही. "मी नही दखाव," म्हणाला. "तुम्ही बी नही."

 खाली पाटाचं पाणी उन्हात चकाकत होतं. एक बाई घागर घेऊन जाताना माझ्याकडे बघून पदरात हसली. उखाबा म्हणाला, गावात आता या जागेला कुणी म्हैसबुडी म्हणत नाही, साहेबबुडी म्हणतात. मी जरा संकोचलो, जरा सुखावलोही, आणि म्हणालो, बरं दिसत नाही हे, एवढं काय मी केलं.

"माले बी नही पटनं," उखाबा म्हणाला. "मी सांगेल व्हतं त्यासले, जुनंच नाव ऱ्हाऊ द्या. ती म्हैस दूध तरी दे."